टवका उडालेली काच

माझ्याकडं पोरं येतात. भिगवणच्या पाण्यावर लांबून लांबून माणसं पक्षी बघायला यायला लागली, तेव्हापासून तालुक्यात दर तिसऱ्या पोराच्या गळ्यात कॅमेरा आहे. त्यांना कुणीतरी सांगतं, इंदापुरात मणियारांची शमीमआपा आहे, तिला विचारा. मग ती येतात, ओट्यावर बसतात, मोबाइलमध्ये किमती दाखवतात आणि विचारतात, "आपा, डोंगर-पाण्याचे फोटो काढायला काय घेऊ?" मी आधी चहा देते. मग सांगते, बाबा, तिपाई घे, आणि वजनदार घे. हलकी तिपाई पाण्याकाठच्या वाऱ्यात थरथरते आणि तू कॅमेऱ्याला शिव्या देत बसतोस. लेन्स रुंद घे. जुनी घेणार असशील तर उजेडाकडं धर आणि आरपार बघ, लाजू नको. आणि एकदा घेतलीस की घरातल्या जाणत्या माणसाच्या हातात देऊ नको, 'बघतो जरा' म्हणाला तरी देऊ नको. पोरं हसतात. मी हसत नाही. हे प्रकरण त्या 'बघतो जरा'चं आहे. लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. कुणाचा निवत असेल तो निवो, माझा मी लोणच्यासारखा झाकण घट्ट लावून ठेवला आहे आणि तो चांगला मुरलाय.

आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. पुढं बांगड्यांचं दुकान, मागं आम्ही. अब्बा माल आणायचे, पण दुकान खरं चालवायची अम्मी. बायका ओट्यावर हात पुढं करून बसायच्या आणि अम्मी त्यांचा पंजा असा दाबायची की चांगल्या धीराची बाईसुद्धा "आई गं" म्हणायची, आणि दुसऱ्या क्षणी बांगडी मनगटावर असायची. दिवसभर घरात तीच किणकिण. मधूनच कानशीची करकर, कारण लाखेच्या बांगडीची कड टोचत असेल तर ती घासून द्यायचं काम माझं होतं. त्या कानशीनं माझ्या बोटांना घट्टे पडले होते. दुपारी गल्लीत चिलापी मासा भाजल्याचा वास सुटायचा. उजनीचं पाणी आल्यापासून गरिबाच्या ताटात तो मासा आला, आणि अम्मी त्याला नुसतं मीठ-तिखट आणि चिंचेचं पाणी लावून तव्यावर असा खरपूस करायची की भाकरी कमी पडायची. बडे अब्बा मात्र तो मासा खात नसत. म्हणायचे, "आमच्या गावावर पोसलाय त्यो. मला न्हाय गिळवत."

बडे अब्बा म्हणजे अब्बांचे वडील. त्यांचं गाव, म्हणजे आमचं मूळ गाव, धरणात गेलं. लोकांना वर नवीन गावठाण मिळालं, आम्ही इंदापुरात आलो. घर गेलं, ओटा गेला, मशिदीची दगडी भिंत गेली, याचं त्यांना वाईट वाटायचंच, पण त्यांचा जीव अडकला होता कबरस्तानात. त्यांचे आई-वडील तिथं होते. साध्या मातीच्या कबरी, उशाला एकेक धोंडा, ना नाव ना गाव. कोणती कोणाची हे फक्त त्यांना माहीत. अब्बा धाकटे, लहानपणीच कामाला बाहेर गेलेले, त्यांना काही सांगता यायचं नाही. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं गाव वर यायचं, लोक बघायला जायचे, पण बडे अब्बा गेले नाहीत. म्हणायचे, "समदा गाळ झालाय. कबर कुठं अन् वाट कुठं, कळत न्हाय. आईच्या छातीवर पाय पडला तर मी वर जाऊन काय तोंड दाखवू?" आम्हालाही त्यांनी वेशीच्या आत जायची मनाई केली होती.

मला फोटोचं वेड लागलं ते बारामतीला फुपीकडं. फुपी म्हणजे अब्बांची थोरली बहीण, आणि तिचे यजमान इस्माईल फुपा यांचा बारामतीत स्टुडिओ. सुट्टीत मी तिथं जायची आणि डार्करूमच्या लाल उजेडात कोऱ्या कागदावर तोंडं उगवताना बघून वेडी व्हायची. घरी येऊन मी कॅमेरा मागितला तेव्हा अब्बा बडे अब्बांकडं बघायला लागले. बडे अब्बा पाच वक्त नमाजी माणूस. तसबिरी त्यांना चालायच्या नाहीत, आमच्या घरात भिंतीवर एकही चेहरा नव्हता. मला वाटलं, संपलं. त्यांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "जीव हाय त्याचं तोंड काढायचं न्हाय. अल्लाची जमीन काढ, पाणी काढ, आभाळ काढ. त्याला कोण न्हाय म्हणतंय?" मी विचारलं, "अन् मधीच पक्षी उडाला तर?" तर म्हणे, "लांब असंल तर चालंल. त्याचं तोंड कुठं दिसतंय." अशी मी डोंगर-पाण्याची फोटोग्राफर झाले. आज लोक मला निसर्गाची ओढ वगैरे विचारतात. कसली ओढ हो, आजोबांची अट होती ती! मग ओढ लागली ती लागलीच.

मग ते हळूच म्हणाले, "पाणी उतरलं की गावाचा एक फोटो काढ. समदं गाव एका फोटोत. मी बोट ठेवून सांगीन, कुठली कबर कुनाची. तुमी तरी फातिहा पढायला येत जावा." त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. फोटो बघता यावा म्हणून, नाही नाही म्हणणारा हा माणूस ऑपरेशनला तयार झाला. शिबिरात ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला आणि ओसरीत बसून त्यांनी आम्हाला गल्लीच्या टोकाला उभ्या बकरीच्या कानाचा रंग सांगितला. अम्मीनं शेवया केल्या. दादीच्या चांदीच्या तोरड्या होत्या, त्या अम्मीनं पेटीतून काढून अब्बांच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "पोरीचा कॅमेरा आणा."

आता कॅमेरा कोणता, यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावर झाली नाही. मी फुपांच्या स्टुडिओतली जुनी मासिकं आणून पाठ केली होती. फुपांचं म्हणणं, मोठा फ्लॅश घ्या आणि चेहऱ्याची लेन्स घ्या, लग्नाच्या कामाला येईल, पोरीला दोन पैसे सुटतील. मी म्हटलं, फुपा, मला चेहरेच काढायचे नाहीत, फ्लॅश काय पाण्यावर मारू? ते जोरात हसले. त्यांना हसायची सवयच तशी होती, तोंड वर करून, सगळ्या खोलीनं ऐकावं अशी. "अगं, ज्या फोटोत माणूस न्हाय त्यो फोटो इकत कोण घेतंय? दगडं काय पाकीट काढत्यात व्हय?" पण मी हटले नाही. वेशीबाहेर एक टेकाड आहे, पाय ठेवायला परवानगी तेवढ्याच जागेची. तिथून मशिदीची भिंत एका टोकाला आणि कबरस्तान दुसऱ्या टोकाला. एका फोटोत बसवायचं तर रुंद लेन्स हवी. जवळच्या धोंड्यापासून लांबच्या भिंतीपर्यंत सगळं स्वच्छ यायचं तर लेन्सचं तोंड बारीक ठेवावं लागतं, मग उजेड कमी पडतो, मग झडप जास्त वेळ उघडी ठेवावी लागते, आणि मग हातात धरून भागत नाही, तिपाई लागते. तिपाई मी आमच्या गल्लीतल्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाची करून घेतली. ती उचलायला माणूस लागायचा, पण वादळात हलली नसती.

कॅमेरा आणि काच आणायला आम्ही पुण्याला गेलो. आमच्या घरात लेन्सला सगळे काचच म्हणत, बांगडीवाल्यांचं घर. अब्बा, मी आणि जाणता माणूस म्हणून फुपा. दुकानदारानं जुन्या लेन्सा काढून ठेवल्या आणि मला शिकवलं, मागचं-पुढचं झाकण काढ, ट्यूबलाइटकडं धर, आरपार बघ. आत धूळ असली तर चालते, जाळं असलं तर घ्यायची नाही. दमट कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. मी एकेक करून बघितल्या आणि एक निवडली. आतून विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ. फक्त पुढच्या कड्याचा काळा रंग एका जागी उडाला होता आणि खालचं पितळ दिसत होतं. फुपा ती हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिले. "माझ्याकडं अगदी अशीच हाय," म्हणाले. येताना एसटीत त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि स्वारगेट सुटल्यावर म्हणाले, "राहू दे माझ्याकडं चार दिवस. बघतो जरा. साफ करतो, एक रोल टाकून बघतो, मग देतो." अब्बा म्हणाले, "दुल्हेभाई, तुमी असताना आमाला काय काळजी?"

चार दिवसांनी सगळं आलं. कॅमेरा चकाचक पुसलेला. मी काच हातात घेतली तर पितळ दिसेना. विचारलं, तर म्हणाले, "त्यो टवका व्हय? रंगवून घेतला. म्हटलं, आपल्या पोरीच्या वस्तूला डाग कशाला." मला इतका आनंद झाला की मी त्यांचे हात धरले. आजही ते आठवलं की मला माझ्याच हातांची चीड येते. उजेडाकडं धरून बघितलं का? नाही. फुपांनी दिलेली वस्तू कोण उजेडाकडं धरतं? जावई माणूस तो आमच्या घरचा. जावयानं आणलेली मिठाईसुद्धा आम्ही मोजत नसू.

त्या उन्हाळ्यात पाणी चांगलं उतरलं. मी आणि अब्बा पहाटेच्या एसटीनं हायवेला उतरलो, तिपाई खांद्यावर घेऊन टेकाडावर गेलो. भेगाळलेला गाळ, वाळत टाकलेली जाळी, माशांचा वास, आणि त्यातून वर आलेलं गाव. मशिदीची भिंत, वेशीचे खांब, विहिरीचं तोंड, पलीकडं कडुलिंबाचं खोड आणि त्याच्या पायाशी धोंडे. अब्बा रडले. मी रडले नाही, मला कामं होती. ऊन समोरून येत होतं, धोंड्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या, एकेक धोंडा वेगळा दिसत होता. मी अख्खा रोल तिथंच संपवला आणि धुवायला बारामतीला फुपांकडं दिला.

फोटो आले ते सगळे धुरकट. जणू गावावर कुणी ओलं धोतर टाकलंय. भिंत आहे असं कळायचं, पण धोंडे आणि गाळ यांचा एकच करडा लगदा झाला होता. फुपा म्हणाले, "हात हलला असंल. आन् उन्हाळ्यात वाफ असती पाण्यावर. पोरीच्या जातीला जमायचं काम हाय का ते?" बाभळीच्या तिपाईवर हात हलला! आणि मी ते ऐकून घेतलं. त्यांनी स्वतःच्या हातानं ती फिल्म धुतली होती, त्यांना तिथंच कळलं असणार काय झालंय ते. तेव्हासुद्धा त्यांना काच परत करता आली असती, पाणी अजून उतरलेलंच होतं. नाही केली.

बडे अब्बांनी फोटो हातात घेतला. चष्मा पुसला. पुन्हा घातला. ओसरीतून अंगणात गेले, उन्हात धरला. बोट फोटोवर फिरत राहिलं आणि कुठंच टेकेना. मी म्हटलं, "बडे अब्बा, फोटोच खराब आलाय, माझं चुकलं." ते हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "न्हाय गं माझी बाय. फोटो चांगलाच असंल. माझं डोळंच गेलं परत. आपरेशन वाया गेलं." मी शपथा घेतल्या, अम्मीनं समजावलं, अब्बांनी समजावलं. पण त्यांना वाटायचं, आम्ही मन राखायला बोलतोय. त्यानंतर त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला तो ठेवलाच. गल्लीतल्या बकरीचा कान सांगणारा माणूस भिंत चाचपत चालायला लागला. पावसाळा संपता संपता ते गेले. कबरी कुठं आहेत, हे त्यांच्याबरोबर गेलं.

पुढं मी कॉलेजला बारामतीत फुपीच्या घरी राहायला गेले. एक दिवस स्टुडिओत झाडू मारत होते आणि काउंटरवर फुपांचा कॅमेरा होता. त्याच्या काचेच्या कड्यावर, एका जागी, पितळ चमकत होतं. मी झाडू खाली ठेवला. ती काच काढली, ट्यूबकडं धरली. विहिरीचं पाणी. मग वरच्या खोलीतून माझी आणली आणि धरली. आत पांढरं जाळं होतं, कडेपासून मधोमधपर्यंत, फांद्या फुटलेलं, एखाद्या घाणेरड्या झाडासारखं. मी तिथंच खाली बसले. माणूस किती नीच असू शकतो, हे मला त्या फरशीवर बसून कळलं. लग्नात, फ्लॅशच्या उजेडात, ऊन पाठीशी असताना ते जाळं लपतं, म्हणून त्यांचं वर्षानुवर्षं निभलं होतं. समोरून उजेड आला की ते उघडं पडतं. आणि बडे अब्बांच्या गावाचा फोटो समोरच्या उजेडात होता.

मी फुपीला दाखवलं. फुपी चुलीपाशी खिमा परतत होती. तिनं दोन्ही काचा उजेडाला धरल्या, दुकानदारानं मला शिकवलं होतं तसंच, मी न सांगता. तिला आधीच कळलं होतं की काय, देव जाणे. मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "शमे, गप बस. इंदापुरात कळलं तर तुझा बाप हितं पाय ठेवायचा न्हाय. माझं माहेर तुटंल." अम्मीला सांगितलं, ती म्हणाली, "जावयाला चोर म्हणायचं का? चारचौघांत?" म्हणजे सासऱ्याला आंधळं करून मारलं तरी जावई तो जावई! मी गप्प बसले. गप्प बसणं आणि विसरणं यात फरक आहे, तो त्या घरात कुणाला शिकवायची गरज नव्हती.

पुढचा उन्हाळा नुसता गेला, त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही आणि पाणी असं उतरलं की वेशीबाहेरची जुनी पायवाटसुद्धा वर आली. तेव्हा एका साखर कारखान्याला नवीन वर्षाच्या कॅलेंडरसाठी वर आलेल्या गावाचा फोटो हवा होता, आणि ते काम मिळालं इस्माईल फुपांना. बारामतीभर सांगत फिरले. जाताना मुक्काम आमच्याकडं, सासुरवाडीला. मी सुट्टीला घरीच होते. मला हवं होतं ते देवानं दारात आणून ठेवलं.

मी त्या जावयाचा असा पाहुणचार केला की अम्मीसुद्धा बघत राहिली. सकाळी त्यांना आवडते म्हणून कलेजी, दुपारी मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, वर तूप, वर गुळाच्या शेवया. "अजून घ्या ना फुपा. तुमी कुठं खाता तितकं!" आणि वाढता वाढता म्हटलं, "फुपा, सूर्याकडं तोंड करून काढा फोटो. पाणी असं चमकतं म्हणून सांगू!" ते बोटं चाटत म्हणाले, "आता तू मला शिकीव." मग ओसरीत आडवे झाले आणि घोरायला लागले. मी दुकानात गेले, माझ्या जाळ्याच्या काचेचं कडं मांडीवर धरलं आणि कानस घेतली. करकर झाली तर अम्मी म्हणाली, "कुणाची बांगडी गं?" म्हटलं, "फुपांची." नेमक्या त्याच जागी, तेवढाच टवका उडवला. पितळ हळद लावल्यासारखं वर आलं. ओसरीत जाऊन त्यांच्या बॅगेत ती ठेवली आणि माझी काढून घेतली.

ते गेले, फोटो काढून परत बारामतीला गेले. फिल्म धुतली, करडा लगदा. धावत पुन्हा आले, पुन्हा काढले, पुन्हा लगदा. कारखान्याचा माणूस रोज स्टुडिओच्या दारात. फुपा आत लपायचे आणि फुपी दारात येऊन सांगायची, घरी न्हाईत. एक दिवस तिनं त्याच माणसाला पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमाला गावाचा फोटो पायजे ना? आमच्या भाचीनं काढलाय. इंदापूरला जावा." मी काढलाच होता. त्याच आठवड्यात, त्याच टेकाडावरून, माझ्या काचेनं. धोंड्यावरचं शेवाळ दिसत होतं त्यात.

मग फुपा आले. तोवर त्यांनी ट्यूबलाइटकडं धरून बघितलं होतं. दारातूनच ओरडले, "माझी काच कुठाय?" अब्बा दचकले, अम्मीच्या हातातली बांगडी सुटली. मी भाकरी थापत होते, हात धुतले, बाहेर आले.

"कोणती हो फुपा?"

"नाटकं करू नको. पितळाची! टवका उडालेली."

मी म्हटलं, "ती? ती तर मी पुण्यात निवडलेली. तुमीच सांगितलं ना, रंगवून घेतली म्हणून. मग टवका उडालेली काच तुमची कशी झाली?"

त्यांनी तोंड उघडलं. अब्बांकडं बघितलं, अम्मीकडं बघितलं. तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी दिवसाउजेडी बघितला आणि मला गोड लागला. अब्बा एका जागी उभे होते. ते सावकाश म्हणाले, "दुल्हेभाई, बसा. जेवून जावा." फुपा जेवले नाहीत. ते परत गेले आणि त्यानंतर आमच्या घरी कधी तोंड वर करून हसले नाहीत.

कॅलेंडर छापलं. खाली बारीक अक्षरात माझं नाव. कारखान्याच्या प्रत्येक सभासदाच्या घरी गेलं, अंथुर्ण्यापासून वडगावपर्यंत. फुपीनं ते बारामतीच्या स्वयंपाकघरात लावलं, बरोबर फुपांच्या जेवायच्या जागेसमोर, आणि वर्ष संपलं तरी काढलं नाही. मी तो फोटो मोठा करून बडे अब्बांच्या खिडकीपाशी घेऊन बसले होते एकदा. एकेक धोंडा स्वच्छ. कडुलिंबाजवळ दोन, त्याच्या मागं चार, भिंतीकडं एक एकटा. कोणता आई, कोणता बाप, सांगणारं बोट नाही. काच मिळाली म्हणून माझा जीव थंड झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो फोटो हातात घेऊन बसावं.

फुपा गेल्या हिवाळ्यात वारले. खूप जगले, अंथरुणात गेले. मी बारामतीला गेले, न जाऊन कसं चालेल. बायका आतल्या खोलीत बसल्या होत्या, फुपी भिंतीला टेकून, हाडांची मोळी झालेली. मी तिच्या शेजारी. आमच्यात जनाजा उचलायच्या आधी घरचा माणूस माफी मागतो. त्यांचा मुलगा रफिक आधी बाहेर पुरुषांसमोर उभा राहिला, मग आमच्या दारात आला. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. "अब्बांकडनं कुनाचं काय चुकलंमाकलं असंल, कुनाचं मन दुखावलं असंल, तर माफ करा," म्हणाला. खोलीतल्या बायका एकेक करून म्हणायला लागल्या, माफ केलं, माफ केलं. ते ओळीनं माझ्यापर्यंत आलं.

शेजारची बाई मला कोपर मारायला लागली. फुपीनं माझं मनगट धरलं. "शमे, बोल की गं."

मी तिच्या कानाशी वाकले. "फुपी, काच माझी होती, ती मी घेतली. माझं मिटलं. ऱ्हायलेलं तुझ्या अब्बांचं हाय. फुपा तिकडंच निघालेत. त्यांच्यासमोर उभं राहून माफी मागू दे."

फुपीनं माझं मनगट सोडलं नाही. रफिक दारात उभा राहून आईकडं बघत होता, कारण आता तिचीच पाळी होती. सगळी खोली तिच्या तोंडाकडं बघत होती. फुपी खाली बघत राहिली, आणि 'माफ केलं' तिच्या तोंडून आलं नाही.

मग बाहेरून कुणीतरी हाक मारली आणि जनाजा निघाला.